ऑश्विट्झचा हिशेबनीस

जर्मनीतल्या नीनबुर्ग या छोट्या गावचा ऑस्कर ग्रोनिंग. जन्म १९२१चा. आई लहानपणीच गेली, वडील कडवे राष्ट्रवादी. शाळा सुटल्यावर तो गावच्या बचत बँकेत उमेदवारी करू लागला. १९४०मध्ये एसएस या नाझी दलात भरती झाला आणि तिथेही त्याच्या वाट्याला पगारखातंच आलं. पुढे हुकूम निघाला, की बैठी कामं जखमी जवानांना द्यावीत, धडधाकटांनी जागा रिकाम्या कराव्यात. १९४२च्या शरद ऋतूत हा एकवीस वर्षांचा कारकून व्याप्त पोलंडमधल्या ऑश्विट्झच्या संहारछावणीत रुजू झाला.

बँकेत काम केलेला माणूस म्हणून त्याला कैद्यांच्या पैशांच्या खात्यात बसवलं. झ्लॉटी, फ्रँक, गिल्डर, लिरा. युरोपभरातून आणलेल्या ज्यूंच्या सामानातून निघालेलं चलन निवडायचं, मोजायचं, तिजोरीत ठेवायचं आणि अधूनमधून बर्लिनला पोचवायचं. पैसा कैद्यांच्या नावाने, पण परत देण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्यांतले बहुतेक जण गाडीतून उतरल्यावर काही तासांतच मारले जात. ग्रोनिंगला हे ठाऊक होतं. कधी फलाटावर सामानाची राखण करायची पाळी येई. तिथे एका जवानाने रडणारं तान्हं मूल ट्रकवर आपटलेलं त्याने पाहिलं आणि वरिष्ठांकडे तक्रार केली. ज्यूंना संपवायचंच असेल तर निदान ते शिस्तीत व्हावं, असं आपलं म्हणणं होतं, हे त्यानेच पुढे सांगितलं. हत्येला नव्हे, हत्येतल्या अव्यवस्थेला हरकत! मला या माणसाबद्दल सर्वांत अस्वस्थ करते ती ही तक्रार. त्याने मागितलेली बदली मिळाली नाही. एरवी छावणीतलं आयुष्य मजेचं होतं. जादा शिधा, व्होडका, खेळांचा क्लब. तो उंच उडी मारायचा.

१९४४च्या अखेरीस तो आघाडीवर गेला, जखमी झाला आणि जून १९४५मध्ये ब्रिटिशांच्या हाती लागला. चौकशीच्या फॉर्मवर त्याने ऑश्विट्झ लिहिलंच नाही. इंग्लंडमध्ये युद्धकैदी म्हणून राबला, चर्चच्या गीतांच्या गायकवृंदात गायला आणि मायदेशी परतला. एसएसचा शिक्का असल्याने बँकेने दार उघडलं नाही. मग काचेच्या कारखान्यात पगारपत्रकं सांभाळली आणि बढती घेतली. घरात ऑश्विट्झच्या विषयाला बंदी होती.

ही कोंडी फुटली ती तिकिटांच्या छंदातून. १९८५च्या सुमारास टपाल तिकिटं जमवणाऱ्यांच्या मंडळात एक जण ज्यूंचा संहार झालाच नाही, असं बोलू लागला. त्याने दिलेली पुस्तिका ग्रोनिंगने स्वतःची टिपणं जोडून परत केली: हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. मग कुटुंबासाठी आठवणी लिहिल्या आणि २००५मध्ये बीबीसीच्या मालिकेत तो उघड बोलला. संहार नाकारणाऱ्यांना अडवणारा साक्षीदार म्हणून हे त्याचं खरं काम होतं, आणि ते नाकारू नये.

पण साक्षीदार असल्याने आरोपी असणं संपत नाही. स्वतः मारल्याचा पुरावा नसेल तर खटला उभा राहत नाही, असं जर्मन न्यायव्यवस्था दीर्घकाळ मानत होती. २०११मध्ये सोबिबोर संहारछावणीचा पहारेकरी डेमयान्युक असा पुरावा नसतानाही दोषी ठरला आणि ही भिंत ढासळली. ल्यूनेबुर्गच्या न्यायालयाने १५ जुलै २०१५ रोजी, १९४४मध्ये हंगेरीहून आणलेल्या किमान ३,००,००० ज्यूंच्या हत्येला साहाय्य केल्याबद्दल ग्रोनिंगला चार वर्षांची शिक्षा दिली. नैतिक दोष मान्य, कायद्याचं न्यायालयाने ठरवावं, असं तो सुरुवातीलाच म्हणाला होता. २०१६मध्ये सर्वोच्च फौजदारी न्यायालयानेही शिक्षा कायम ठेवली. हिशेब लिहिणारा हात हत्याकांडाच्या यंत्रणेबाहेरचा नाही, हे आता कायद्यानेच ठरलं. तुरुंग टाळण्यासाठी केलेले अर्जही फेटाळले गेले. मार्च २०१८मध्ये, एकही दिवस गजांआड न जाता, तो ९६व्या वर्षी मेला.