जुन्या ट्रकला नवी बॉडी : आधी घरात हिशेब

जुना ट्रक घ्यावा, आपल्या धंद्याला सोयीची बॉडी बांधावी आणि मालक म्हणून स्टिअरिंगवर बसावे, अशी आपल्या अनेक ड्रायव्हर बांधवांची इच्छा असते. त्यासाठी पतपेढीचे कर्ज निघते, घरच्या बाईच्या अंगावरचे दागिनेही गहाण पडतात. म्हणून मिस्त्रीला बयाणा देण्याआधी तिच्यासह सर्वांनी वही-पेन्सिल घेऊन बसावे, असे आम्हास वाटते.

मुख्य प्रश्न वजनाचा. भरलेल्या गाडीचे एकूण वजन आर.सी. बुकात ठरलेले असते. बॉडी बदलली म्हणून ते वाढत नाही. उघडा हौदा काढून पत्र्याची बंद बॉडी बसवली आणि ती ३०० किलोने जड झाली, तर दर खेपेला माल ३०० किलो कमी भरावा लागेल. महिन्याला २० खेपा धरा. ६ टनांचे भाडे गेले! मिस्त्री हे सांगत नाही, तो पत्र्याची जाडी तेवढी अभिमानाने सांगतो. जादा भरावे, तर २०१९ च्या कायदेदुरुस्तीने दंड २० हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार. गाद्या, फर्निचर, रिकामे क्रेट असा हलका पण जागा खाणारा माल असेल तर बंद बॉडी परवडते. विटा-वाळूला ती काय कामाची?

चॅसीचा रंग खरवडून गंज आणि तडे पाहावेत. तिच्या खालच्या कडेला भोके पाडू देऊ नयेत, वेल्डिंगही नको. ताण तिथेच येतो. मध्ये लाकडी पट्टी घालून बॉडी यू-बोल्टने आवळावी. मागे लांबी वाढवण्याचा मोह अनेकांना होतो. पण मागच्या चाकांपलीकडे निघणारा भाग पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतराच्या ६० टक्क्यांहून जास्त चालत नाही. मागे भार गेला की पुढची चाके हलकी होतात आणि घाटात गाडी वळणाला नीट ऐकत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ प्रमाणे असा बदल करण्याआधी आर.टी.ओ.ची परवानगी लागते. ती नसेल तर दर बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय अपघात झाल्यास विमा कंपनीला पैसे नाकारायला आयते निमित्त मिळते. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर फायनान्सवाल्याची संमती लेखी घ्यावी. आठ वर्षांपेक्षा जुन्या गाडीचे पासिंग दरवर्षी असते, तो खर्चही वहीत मांडावा.

रंगकाम सर्वांत शेवटी. फाळक्यावर मुलांची नावे घाला, फुले काढा. फक्त ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहू नका, त्यावर राज्याच्या परिवहन खात्याने २०१५ साली बंदी घातली.