मॉड डब्ल्यूएसजीआय: विंडोजवरील वापर

मॉड डब्ल्यूएसजीआय हे अपाची वेब सर्व्हरला जोडावयाचे मॉड्यूल असून त्याद्वारे पायथन भाषेतील संकेतस्थळे चालविता येतात. ते ग्रॅहम डम्पल्टन यांनी विकसित केले. सर्व्हर व पायथन आज्ञावली यांच्यातील देवाणघेवाणीचा डब्ल्यूएसजीआय हा संकेत फिलिप एबी यांनी २००३ मध्ये मांडला. पायथन ३ साठी तो २०१० मध्ये सुधारण्यात आला.

विंडोजवर अपाची, पायथन व हे मॉड्यूल ही तिन्ही ३२ बिटांची किंवा तिन्ही ६४ बिटांची असावी लागतात; अन्यथा मॉड्यूल लोडच होत नाही. नवशिक्यांचा बराच वेळ इथेच खर्ची पडतो.

लिनक्सवर 'डीमन' पद्धतीने प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र प्रक्रिया देता येते. विंडोजवर ही सोय नाही. तेथे पायथन अपाचीच्याच प्रक्रियेत चालते व सर्व विनंत्या एकाच प्रक्रियेतील अनेक थ्रेड हाताळतात. परिणामी एका संकेतस्थळातील गंभीर दोषाने शेजारची संकेतस्थळेही बंद पडू शकतात. प्रारंभिक स्क्रिप्ट वगळता अन्य आज्ञावलीत बदल केल्यास तो लागू होण्यासाठी संपूर्ण अपाची पुन्हा सुरू करावा लागतो. त्यामुळे एकाच यंत्रावर अनेक संकेतस्थळे असल्यास 'वेट्रेस' हा शुद्ध पायथनमधील सर्व्हर प्रत्येकासाठी वेगळा चालवून अपाचीला केवळ मध्यस्थ ठेवणे अधिक सोयीचे ठरते.