बंदिवासातील मन : अहमदनगर व देवळाली येथील अनुभवांचा विचार

अहमदनगर, म्हणजे २०२४ साली ज्याचे नामांतर अहिल्यानगर असे झाले ते शहर, लष्करी इतिहासाच्या अभ्यासकास चांगले परिचित आहे. १९४८ पासून येथे भारतीय सैन्याच्या चिलखती दलाचे केंद्र व विद्यालय आहे. संरक्षण खात्याची वाहनविषयक संशोधनसंस्थाही येथेच आहे. रणगाड्याचे चिलखत, त्याचे इंजिन, त्याची तोफ यांचा विचार ज्या शहरात नित्य चालतो, त्याच शहराने मानवी मनासंबंधीचा एक महत्त्वाचा प्रश्न निदान चार वेळा जवळून पाहिला आहे. मनुष्यास दीर्घकाळ कोंडून ठेवले असता त्याच्या मनाचे काय होते, हा तो प्रश्न होय. बोअर युद्धातील कैदी, पहिल्या महायुद्धातील जर्मन व ऑस्ट्रियन स्थानबद्ध, दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी पुन्हा आणलेले जर्मन, आणि १९४२ नंतर किल्ल्यात ठेवलेले राष्ट्रीय नेते, असे चार निरनिराळे समुदाय येथे बंदिवासात राहिले.

हा प्रश्न इतिहासाचा, राज्यशास्त्राचा, वैद्यकाचा की मानसशास्त्राचा, असा वाद घालण्यात अर्थ नाही. अलीकडे तर तो अंतराळविज्ञानाचाही झाला आहे. प्रस्तुत लेखात नगर व शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील देवळाली येथील अनुभव एकत्र ठेवून त्यांतून काय निष्पन्न होते, ते पाहावयाचे आहे.

१. देवळालीचा ‘ताप’

प्रारंभ देवळालीपासून करणे सोयीचे आहे. कारण तेथील माणसे कैदी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवळाली येथे ब्रिटिश सैनिकांसाठी मुक्कामाची छावणी उभी राहिली. विलायतेहून आलेल्या पलटणी येथून पुढे जात, आणि ज्यांच्या नोकरीची मुदत संपली आहे असे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथे थांबत. सैनिकांची ने-आण करणारी जहाजे मुख्यत्वे हिवाळ्याच्या हंगामात चालत. हंगाम संपल्यावर ज्याची मुदत भरली, त्यास पुढील हंगामापर्यंत काही महिने तसेच बसून राहावे लागे. त्यास ना कवायतीचे बंधन, ना कामगिरी, ना घर. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या शिपायाने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत या रिकाम्या दिवसांचे वर्णन केले आहे. शिस्तीत वर्षानुवर्षे काढलेली माणसे येथे विक्षिप्तपणे वागू लागत.

या अवस्थेस शिपायांनीच नाव दिले, ते ‘डूलॅली टॅप’. ‘डूलॅली’ हा देवळालीचा इंग्रजी जिभेवरचा अपभ्रंश, आणि ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’. पुढे ‘टॅप’ गळून पडला व ‘डूलॅली’ हा एकच शब्द ‘डोके फिरलेला’ या अर्थी इंग्रजीत रूढ झाला. आपल्या भाषेत ‘ताप’ या शब्दाने ज्वर आणि मनस्ताप हे दोन्ही अर्थ व्यक्त होतात, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. शिपायांनी हा शब्द उचलला तो केवळ ज्वर या अर्थाने असावा. परंतु त्यांच्या दुखण्यास त्याचा दुसरा अर्थच अधिक लागू पडतो.

या उदाहरणाचे शास्त्रीय महत्त्व असे की, येथे भिंत नव्हती, तार नव्हती, शत्रूही नव्हता. तरीही मन ढळत असे. यावरून मनोविकृती निर्माण होण्यास प्रत्यक्ष कैद आवश्यक नसते, असे म्हणावे लागते.

२. नगरची छावणी आणि ‘काटेरी तारांचा रोग’

१९१४ साली महायुद्ध सुरू होताच हिंदुस्थानात राहणाऱ्या जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांपैकी अनेकांना अहमदनगर येथे स्थानबद्ध करण्यात आले. त्यांत व्यापारी होते, मिशनरी होते, अभियंते होते. यांतील बहुतेकांनी कधी बंदूक हाती धरली नव्हती. शत्रुराष्ट्राचे नागरिक असणे एवढाच त्यांचा अपराध. १९१७ च्या आरंभी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या प्रतिनिधींनी हिंदुस्थानातील व ब्रह्मदेशातील छावण्यांची पाहणी केली. राहण्याची जागा, अन्न, पाणी, औषधोपचार यांची मोजदाद करता येते, म्हणून अशा पाहण्यांत त्यांना अग्रस्थान मिळते. मनाची मोजदाद करण्याचे साधन त्या काळी कोणाच्या हाती नव्हते.

ते साधन घडविण्याचा पहिला उल्लेखनीय प्रयत्न आडोल्फ लुकास फिशर या स्विस वैद्याने केला. युरोपातील छावण्या प्रत्यक्ष पाहून त्याने १९१८ साली एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यात वर्णिलेल्या अवस्थेस ‘काटेरी तारांचा रोग’ असे नाव दिले. चिडखोरपणा, एकाग्रतेचा अभाव, परिचित माणसांची व गावांची नावे न आठवणे, उद्देशावाचून येरझारा घालणे, सोबत्यांविषयी निष्कारण संशय ही त्याने नोंदविलेली लक्षणे होत. कारणे त्याने मुख्यतः तीन सांगितली : स्वातंत्र्याचा लोप, मुदतीची अनिश्चितता, आणि एकांताचा अभाव. एकांताचा अभाव हे कारण प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु तीच माणसे, तीच बोलणी आणि तेच आवाज अहोरात्र सोसावे लागणे ही शिक्षा किती कठोर असते, हे वसतिगृहात राहिलेल्या विद्यार्थ्यास वेगळे सांगावयास नको.

फिशरच्या पाहणीत नगरचा समावेश नव्हता. त्यामुळे त्याचे निष्कर्ष नगरच्या छावणीस जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण त्याने सांगितलेली तिन्ही कारणे येथे उपस्थित होती, हे निर्विवाद आहे. नगरच्या शेवटच्या स्थानबद्धांची सुटका १९१८ च्या नोव्हेंबरात युद्ध थांबल्यावरही लगेच झाली नाही.

वैद्यकाचा हा विचार पुढे राजकारणात व कायद्यात उतरला, हा त्याचा विशेष होय. १९४९ च्या तिसऱ्या जिनीव्हा करारात युद्धकैद्यांच्या बौद्धिक, शैक्षणिक व क्रीडाविषयक उद्योगांस उत्तेजन द्यावे असे कलम आहे. दरमहा निदान दोन पत्रे व चार कार्डे पाठविण्याचा हक्क आहे. आणि परिशिष्टात बंदिवासातून उद्भवणाऱ्या मनोविकृतीचा स्वतंत्र उल्लेख आहे. असा कैदी तटस्थ देशात तीन महिने ठेवूनही स्पष्टपणे सुधारत नसेल, तर त्यास मायदेशी पाठवावे, असे ते परिशिष्ट सुचविते. ज्या अवस्थेस एकेकाळी कमकुवत मनाचे लक्षण समजत, ती अशा रीतीने कैद करणाऱ्या राष्ट्राच्या जबाबदारीचा विषय बनली.

३. किल्ल्यातील बारा जण

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पकडलेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना नगरच्या किल्ल्यात आणण्यात आले. मौलाना आझाद, नेहरू, पटेल, पंत, कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, सय्यद महमूद, पट्टाभि सीतारामय्या, शंकरराव देव, प्रफुल्लचंद्र घोष आणि हरेकृष्ण महताब हे ते बारा जण. मुदत अनिश्चित, सोबती तेच ते, आरंभी बाहेरच्या बातम्याही बंद. फिशरची तिन्ही कारणे येथेही होतीच.

असे असूनही या किल्ल्यातून ग्रंथ बाहेर पडले. नेहरूंनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात भारताच्या इतिहासाचे चिंतन करणारा आपला ग्रंथ लिहिला व तो या सहबंद्यांसच अर्पण केला. आझादांनी मित्राच्या नावे उर्दूत पत्रे लिहिली. ती टपालात पडणार नाहीत हे ठाऊक असूनही लिहिली. पुढे ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली. पहाटेचा चहा, खोलीत शिरणाऱ्या चिमण्या, फुलझाडे, असे त्यांचे विषय आहेत. बागकाम नेहरूही करीत.

यावरून उद्देश व उद्योग असेल तर बंदिवास मनास बाधत नाही, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण तो सावधपणेच काढला पाहिजे. एप्रिल १९४३ मध्ये आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यास निवर्तल्या. त्यांच्या आजारपणात सरकारकडे विनंती करण्याचे आझादांनी नाकारले होते. त्या दिवसांत आपण नित्यक्रम जराही ढळू दिला नाही, परंतु तो बाह्य देखावा होता व आतून मन पोखरले जात होते, अशा आशयाची कबुली त्यांनी स्वतःच दिली आहे. म्हणजे वर्तनातील शिस्त हा मनःस्वास्थ्याचा पुरावा नव्हे. पाहणी करण्यास आलेल्या एखाद्या अधिकाऱ्याने त्या सप्ताहात आझादांस पाहिले असते, तर त्यांची प्रकृती उत्तम असल्याचाच शेरा त्याने लिहिला असता.

४. वैमानिक आणि अंतराळवीर

१९७१ च्या युद्धात फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांचे विमान १० डिसेंबर रोजी पाडले गेले व ते रावळपिंडी येथील छावणीत युद्धकैदी झाले. युद्ध अवघ्या पंधरवड्यात संपले. कैद मात्र संपेना. ऑगस्ट १९७२ मध्ये परुळकर, मलविंदरसिंग गरेवाल व हरीश सिंहजी हे तिघे भिंत फोडून निसटले आणि अफगाण सरहद्दीपासून अगदी थोड्या अंतरावर पुन्हा पकडले गेले. जुन्या नकाशावर भिस्त ठेवून त्यांनी लंडी खाना स्थानकाची चौकशी केली. ते स्थानक १९३२ सालीच बंद झाले होते. मानसशास्त्राच्या दृष्टीने या पलायनाचे यशापयश गौण आहे. महत्त्वाचे हे की, ज्या महिन्यांत सुटकेची तारीख कोणीही सांगू शकत नव्हते, त्या महिन्यांना या योजनेने आकार दिला.

आता हाच प्रश्न अंतराळप्रवासाच्या संदर्भात पुढे आला आहे. मॉस्को येथे २०१०–११ मध्ये सहा जणांना मंगळाच्या कल्पित प्रवासासाठी ५२० दिवस बंदिस्त ठेवण्याचा प्रयोग झाला. हे सहाही जण स्वेच्छेने आलेले, पारखून निवडलेले व सुटकेचा दिवस ठाऊक असलेले होते. तरीही त्यांपैकी केवळ दोघांतच वर्तनाची वा मनाची कोणतीही तक्रार आढळली नाही; इतरांत झोपेची अनियमितता, थकवा, खिन्नता यांपैकी काही ना काही दिसून आले. भारतात १९५७ साली बंगळूर येथे स्थापन झालेल्या वैमानिकी वैद्यक संस्थेकडे आज अंतराळवीरांच्या निवडीचेही काम आहे. निवड कितीही काटेकोर असली तरी ती परिस्थितीच्या सुधारणेची जागा घेऊ शकत नाही, हा मॉस्कोच्या प्रयोगाचा धडा तेथेही उपयोगी पडेल.

५. ज्यांची नोंद नाही

वरील सर्व उदाहरणांत एक समान उणीव आहे. ज्यांनी लिहिले त्यांचेच मन आपणांस दिसते. २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियातील कूत येथे सुमारे १३ हजारांची फौज तुर्कांस शरण गेली. ती मुख्यतः सहाव्या पुणे डिव्हिजनची होती आणि तीत १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. नगरच्या छावणीत जर्मन व्यापारी दिवस मोजीत होते, त्याच वेळी आपल्या खेड्यापाड्यांतील जवान रास-अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामावर राबत होते. जर्मन स्थानबद्धांकडे रेडक्रॉसचे प्रतिनिधी गेले. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी कैदेच्या आठवणी लिहिल्या. मराठा शिपायाच्या मनाचे काय झाले, याची नोंद मात्र क्वचितच आढळते. परत आलेला माणूस गावात अबोल झाला असेल, रात्री दचकून उठत असेल, तर त्यास ‘बाहेरचे लागले’ म्हणून अंगारा लावला गेला असेल. महाराष्ट्रातील अनेक गावांच्या वेशीपाशी वा चावडीवर, त्या युद्धास गेलेल्यांची व मेलेल्यांची संख्या सांगणारे संगमरवरी फलक आहेत. मनाने परत न आलेल्यांसाठी त्यांवर रकाना नाही.

उपसंहार

या विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, मनास बाधक होतो तो केवळ भिंतींचा अडसर नव्हे. मुदतीची अनिश्चितता आणि दिवसांची निरुद्देशता यांचा संयोग अधिक बाधक ठरतो. दुसरी, ही विकृती व्यक्तीच्या दुर्बलतेइतकीच, किंबहुना तीहून अधिक, व्यवस्थेच्या रचनेतून निर्माण होते. म्हणून तिचा उपायही अंशतः शासनाच्या हाती असतो. तिसरी, चार-दोन उदाहरणांवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. किल्ल्यातील बारा जण सुशिक्षित, ध्येयनिष्ठ व सर्वत्र मान्यता पावलेले होते, हे विसरून चालणार नाही.

हा विषय केवळ गतकाळाचा नाही. २०२२ च्या अखेरीस भारतातील कारागृहांतील सुमारे तीन-चतुर्थांश बंदी हे कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा अपराध सिद्ध झालेला नाही आणि ज्यांना सुटकेचा दिवस ठाऊक नाही असे. शिक्षा झालेला कैदी निदान दिवस मोजू शकतो. कच्च्या कैद्यास तीही सोय नाही. देवळालीच्या छावणीत जे मोकळ्या शिपायांस सोसले नाही, ते येथे कुलपाआड सोसावे लागते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे कामास मोठा वाव आहे. नगर, सातारा व कोकणातील गावोगावचे फलक, पलटणींची दप्तरे, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, घराघरांत उरलेल्या आजोबा-पणजोबांच्या गोष्टी आणि जात्यावरच्या ओव्या, ही सर्व साधने अद्याप पुरती चाळली गेलेली नाहीत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मानसचिकित्सकास आणि मानसचिकित्सकाने इतिहासाच्या विद्यार्थ्यास सोबत घेतल्यावाचून मात्र ती बोलणार नाहीत. ज्या पिढीने हे ऐकून ठेवले, तीही आता थकत चालली आहे. तेव्हा या कामास विलंब परवडणारा नाही.