निर्धूम अंगार : घरातील सिरॅमिक शेगडी आणि वैद्याची सावधगिरी

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील अन्नस्वरूपविज्ञानीय अध्यायात अपूपाचा विचार करताना वाग्भटाचार्यांनी अग्नीच्या आश्रयाचे पाच प्रकार सांगितले आहेत : कुकूल, कर्पर, भ्राष्ट्र, कंदू आणि अंगार. पीठ एकच असले तरी यांवर भाजलेला अपूप उत्तरोत्तर लघु होत जातो, असा त्यांचा अभिप्राय आहे. म्हणजे प्रत्यक्ष निखाऱ्यावर भाजलेला तो सर्वांत लघु. तव्यावरची भाकरी काढून चुलीपुढच्या इंगळांवर फुगवणाऱ्या आमच्या आजीस हे वचन ठाऊक नव्हते, परंतु आजारातून उठलेल्या माणसास ती नेमकी तीच भाकरी वाढीत असे.

हे स्मरण होण्याचे कारण असे की, गेल्या काही वर्षांत शहरांतील गच्च्यांवर आणि बंगल्यांच्या अंगणांत अंड्याच्या आकाराची, झाकणाची, जाड सिरॅमिकची एक शेगडी दिसू लागली आहे. रुग्ण आम्हांस विचारतात की, हिच्यावर भाजलेले अन्न पथ्याचे समजावे काय? आमच्या घरीही अशी एक शेगडी आहे. आमच्या मेहुण्यांनी पुण्यातील घर बदलताना ती आमच्याकडे धाडली. चार माणसांनी जिन्यावरून ती गच्चीवर चढविली, कारण हिच्या मोठ्या आकाराचे वजन सत्तर किलोच्या पुढे जाते. चार वर्षांच्या वापरातून जे कळले, आणि एका प्रसंगी जे फार उशिरा कळले, ते वैद्यबंधू-भगिनींपुढे व फार्मसीचालकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हिचे मूळ जपानचे. जपानी भाषेत कामादो म्हणजे चूल. भात शिजविण्यासाठी तिकडे मातीची, गोल, झाकण असलेली शेगडी वापरीत. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात राहिलेल्या अमेरिकी सैनिकांनी ती स्वदेशी नेली. पुढे १९७४ मध्ये अटलांटा येथे एड फिशर यांनी 'बिग ग्रीन एग' या नावाने तिचा व्यवसाय सुरू केला. मातीची भांडी तडकत, म्हणून नंतर अधिक टिकाऊ सिरॅमिक आले. आपल्या वाचकांस हे तत्त्व नवे वाटू नये. तंदूर हा हिचा जवळचा नातलग आहे. आणि अलिबागकडे थंडीच्या दिवसांत वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरून, मडके पालथे घालून, भोवती जाळ करून जी पोपटी लावतात, तीही तत्त्वतः पुटपाकच होय.

या शेगडीची सारी करामत वायूच्या नियमनात आहे. खाली एक सरकती खिडकी, वर झाकणाच्या शेंड्यास एक झरोका. खालून हवा आत येते, वरून बाहेर जाते. इंधन कमी-जास्त न करता केवळ या दोन छिद्रांनी अग्नी मृदू, मध्यम वा खर करता येतो. बोटाएवढी फट ठेवली तर आतील तापमान ११० अंश सेल्सिअसच्या आसपास कित्येक तास स्थिर राहते. दोन्ही पूर्ण उघडली तर ते ३०० अंशांच्याही वर जाते आणि नान दोन-तीन मिनिटांत भाजून निघते. जाड भिंती उष्णता धरून ठेवतात व चहूबाजूंनी परत देतात. बाष्प आतच राहिल्यामुळे पदार्थ कोरडा पडत नाही. तेलाचा हात लावून टोचे मारलेली वांगी २०० अंशांवर झाकून ठेवली, की अर्ध्या-पाऊण तासात भरताजोगी मऊ होतात. गॅसच्या ज्योतीवर भाजलेल्या वांग्याशी त्याची तुलना आम्ही करणार नाही, खानदेशातील वाचक आम्हांस क्षमा करणार नाहीत.

नव्या मालकाची पहिली चूक हमखास घाईची असते. सिरॅमिक सावकाश तापते आणि त्याहून सावकाश निवते. एकदा तापमान इष्ट अंकाच्या पुढे गेले की ते खाली आणण्यास तास मोडतो. म्हणून काटा वीस-तीस अंश मागे असतानाच छिद्रे आवळू लागावीत. पेटविण्यासाठी रॉकेल मुळीच वापरू नये. सच्छिद्र भिंतींत त्याचा वास मुरतो आणि पुढील अनेक पाककर्मांत उतरतो. बाभळीचा किंवा खैराचा दगडी नव्हे तर लाकडी, खणखणीत वाजणारा कोळसा घ्यावा, करवंटीचाही चालतो. खोक्यांच्या फळ्या, रंग दिलेले लाकूड आत घालू नये. चरकाचार्यांनी विरुद्ध आहार सांगताना एरंडाच्या शूलावर, एरंडाच्याच अग्नीवर भाजलेले मयूरमांस प्राणघातक म्हटले आहे; इंधन कोणते, हा प्रश्न आपल्या आचार्यांस गौण वाटला नव्हता. तापलेल्या शेगडीवर पाणी ओतू नये, ती तडकते. मंद धगीवर असलेली शेगडी एकदम उघडूही नये. आत प्राणवायूचा दुष्काळ असतो. झाकण उघडताच हवा आत धावते आणि ज्वाळा तोंडावर येते. आधी चार बोटे उचलून क्षणभर थांबावे, मग उघडावे. आमच्या उजव्या भुवईने हा पाठ पहिल्याच महिन्यात घेतला.

पथ्यापथ्याचा निर्णय सरसकट देता येत नाही. सुश्रुताचार्यांनी मांसाचे प्रतप्त, कंदुपाचित, शूल्य असे संस्कारभेद मानले आहेत, तेव्हा अंगारावरील मांस आपल्या शास्त्रास अपरिचित नाही. परंतु चरबी निखाऱ्यावर ठिबकून जो धूर उठतो तो, आणि काळा पडलेला भाग, हे दोन्ही टाळण्याजोगे आहेत. त्यांत कर्करोगास कारण ठरू शकणारी द्रव्ये तयार होतात, हे आधुनिक संशोधनाने दाखविले आहे. निखारे व जाळी यांमध्ये सिरॅमिकची आडवी तबकडी ठेवल्यास चरबी निखाऱ्यावर पडत नाही. परदेशी पाकक्रियांत मांसावर मध चोपडून भाजण्याची चाल आहे. तप्त मधाचा निषेध वैद्यास सांगावयास नको. आम्ही त्याजागी काकवी वापरतो.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. अंगाराचा मोठा गुण म्हणून आपण त्याचे निर्धूमत्व सांगतो. डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही, भिंती काळवंडत नाहीत. नेमक्या याच गुणाने आम्हांस फसविले.

२०२३ च्या जुलैतील गोष्ट. घरी बंधूंचे कुटुंब आले होते. पावसाची झोड लागली होती, म्हणून चाकांच्या घोडीवरील शेगडी आम्ही गच्चीवरील खोलीत ओढून घेतली. दार अर्धे उघडे ठेवले, वाऱ्याकडील खिडक्या लावून घेतल्या. धूर नव्हताच, तेव्हा चिंतेचे कारण दिसले नाही. कणसे झाली, वांगी झाली, कोंबडीस मंद धग हवी म्हणून छिद्रे आवळली. भावजय आणि सोळा वर्षांचा पुतण्या तेथेच गप्पा मारीत बसले होते. दीड तासाने भावजयीचे डोके दुखू लागले, मळमळू लागले. प्रवास, जागरण, अवेळी खाणे, असा हेतू आमच्यापुढे हजर होता. अम्लपित्त ठरवून आम्ही सूतशेखर दिले. त्या खाली जाऊन पडल्या व अर्ध्या तासात त्यांना बरे वाटले. याचे श्रेय आम्ही औषधास दिले आणि, लिहिताना संकोच होतो, त्यांना पुन्हा वर बोलाविले. थोड्याच वेळात पुतण्याचेही डोके दुखू लागले. करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर आम्ही त्याच्या बोटास लावला. ९८ आकडा पाहून निश्चिंत झालो. तो उठून जिन्याशी गेला, उलटी झाली आणि दुसऱ्याच पायरीवर त्याचा झोक गेला. समोरच राहणारे आमचे फिजिशियन मित्र धावत आले. त्यांनी नाडीस हात लावण्यापूर्वी विचारले, "अहो वैद्य, वर कोळसा पेटवलाय का?"

दोघांसही रुग्णालयात कित्येक तास मुखवट्यातून प्राणवायू द्यावा लागला. रक्ततपासणीत कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा निश्चित झाली. दोघेही पूर्ण बरे झाले.

अठरा वर्षांहून अधिक काळ चिकित्सा करणाऱ्या माणसाकडून हे का सुटले, याचा विचार आम्ही पुष्कळ केला. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अग्निकर्मविधी अध्यायाच्या अखेरीस धूमोपहताचे वर्णन आहे. तो जोराने श्वास घेतो, शिंकतो, खोकतो, डोळ्यांची आग होऊन ते लाल होतात, निःश्वासास धुराचा वास येतो, दुसरा गंध कळत नाही, आणि शेवटी मूर्च्छा येते. हे चित्र आमच्या मनात पक्के होते. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबणे नाही. कोळशास पुरेशी हवा मिळाली तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड बनतो. हवा कोंडली की मोनॉक्साइडचे प्रमाण वाढते. आणि सिरॅमिक शेगडीची मंद आच म्हणजे जाणूनबुजून कोंडलेली हवाच. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट ओढीने चिकटतो. साधा ऑक्सिमीटर या दोहोंतील भेद ओळखत नाही, म्हणून त्याचा आकडा नेहमीसारखाच दिसतो. साध्या हवेत रक्तातील या वायूचे प्रमाण निम्म्यावर येण्यास चार ते पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर सुमारे एक ते दीड तास. सूतशेखराचा येथे काही संबंध नाही.

निदानाची किल्ली रुग्णाच्या शरीरात नसून घरात असते. एकाच घरातील दोघा-तिघांस एकाच वेळी डोकेदुखी, भ्रम, हृल्लास, ग्लानी. बाहेर पडल्यावर उतार. परत आत गेल्यावर पुन्हा तेच. असे दिसताच अग्नीची चौकशी आधी करावी. प्रथम माणसे उघड्यावर आणावीत, मग रुग्णालय गाठावे. गर्भिणी, बालक आणि हृद्रोगी यांस विशेष धोका असतो. बरे वाटले म्हणून प्रकरण संपले असेही मानू नये; क्वचित काही आठवड्यांनी स्मृती व चालणे यांत बिघाड दिसतो.

यात आणखी एक पदर आपल्याच व्यवसायाचा आहे. शेगडी विझविताना दोन्ही छिद्रे बंद करतात. कोळसा हळूहळू विझतो आणि उरलेला पुढच्या वेळी उपयोगी पडतो. आमच्या घरी पूर्वी त्यातले चार निखारे धुपाटण्यात घालून धुरीसाठी आत नेत असत. प्रसंगानंतर आमच्या ध्यानात आले की, बाळंतिणीस शेक-धुरी सांगताना आपण काय काय सांगतो. दारे-खिडक्या लावा, वारा लागू देऊ नका, निखाऱ्यावर बाळंतशेपा, ओवा टाका. लहानशा बंद खोलीत सूतिका, नवजात बालक आणि धगधगती शेगडी! धूपन आम्ही सोडलेले नाही. परंतु आता एक खिडकी उघडी ठेवावयास, धुरी पाच-दहा मिनिटांत आटोपून शेगडी लगेच खोलीबाहेर नेण्यास आणि निखारे ठेवून कोणीही झोपू नये, असे कागदावर लिहून देतो. सूतिकेने डोके दुखते म्हटले की तो वात समजण्यापूर्वी शेगडी कोठे होती, हे विचारतो.

फार्मसीचालक मित्रांपैकी काहींनी आम्हांस विचारले आहे की, एवढी स्थिर आच मिळते तर हिच्यावर तैलपाक का करू नये? करू नये, असेच आमचे मत आहे. तैलात फेनोद्गम, घृतात फेनशांती, ही सिद्धिलक्षणे डोळ्यांनी पाहावी लागतात, पाक सतत हलवावा लागतो. आणि झाकण उघडले की हवा मिळून अग्नी भडकतो. तापलेले तेल आणि भडकणारा अग्नी एकत्र आणू नयेत. औषधी निर्मितीच्या अनुसूची 'टी'मध्ये भट्टीच्या जागेस पत्र्याचे छप्पर चालते, पण वायुवीजन योग्य हवे, अशी अपेक्षा आहे. ती केवळ तपासणीपुरती समजू नये. पुटपाक स्वरसासाठी मात्र ही शेगडी उत्तम ठरली. अडुळशाच्या पानांचा गोळा एरंडपत्रांत गुंडाळून, दोन अंगुळे मातीचा लेप देऊन ठेवला असता लेप चहूबाजूंनी सारखा लाल होतो व रस विनासायास निघतो. ज्या शेगडीत मांस भाजले जाते तिच्या भिंतींत त्याचा धूर मुरलेला असतो, म्हणून या कामासाठी आम्ही लहान, वेगळी शेगडी घेतली आहे.

मोठी शेगडी आता गच्चीच्या कोपऱ्यात, तीन बाजूंनी उघड्या पत्र्याखाली कायमची आहे. चाके काढून टाकली आहेत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिच्यावर ताडपत्री असते. पावसाळ्यात झाकण घट्ट लावले तर आत बुरशी धरते, म्हणून छिद्रे किंचित उघडी ठेवतो, आणि पाऊस ओसरल्यावर पहिल्या दिवशी काही न भाजता नुसती मंद आच देऊन तिच्या भिंतींतील ओल घालवितो.