पिकअप गाडीचे स्वयंचलित हब : दोष, परीक्षा व निगा

सातारा व सांगली हे जिल्हे एकमेकांस लागून असले तरी त्यांच्या भूमीत व पर्जन्यमानात मोठी विविधता आहे. महाबळेश्वर, जावळी व पाटण या डोंगरी तालुक्यांत पावसाळ्यात तांबड्या मातीचे चढ निसरडे होतात. कृष्णा व वारणा यांच्या काठची खोल काळी जमीन पाऊस पडताच चिकट बनते व चाके धरून ठेवते. तासगावकडील बागांतून द्राक्षे निघण्याच्या वेळी अवकाळी पाऊस आला, अगर डोंगरातील वाडीवरून रोजचे दूध खाली आणावयाचे असले, म्हणजे माल वेळेवर हलविणे हीच मोठी अडचण होऊन बसते. अशा ठिकाणी चारही चाकांना शक्ती देणारी पिकअप गाडी फार उपयोगी पडते.

तथापि ऐन चिखलात "फोर व्हील लागत नाही" अशी तक्रार वारंवार ऐकू येते. पुष्कळ वेळा हा दोष पुढच्या चाकांतील स्वयंचलित हबचा असतो. आणि त्यातही बऱ्याच वेळा हब मोडलेला नसतो, तर त्याची रीत चालकास ठाऊक नसते किंवा त्याची निगा राखलेली नसते. यास्तव या लहानशा भागाची माहिती प्रत्येक वाहनधारकास असणे अगत्याचे आहे.

हब म्हणजे काय ?

बैलगाडीच्या चाकाचा जो तुंबा, तोच मोटारीच्या चाकाचा हब होय. बैलगाडीचा आस स्थिर असतो व चाक त्याभोवती फिरते. चारही चाकांच्या गाडीत मात्र पुढच्या आसाच्या नळीतून एक फिरता दांडा चाकापर्यंत येतो. हा दांडा व तुंबा यांची जोडणी झाली तरच इंजिनाची शक्ती पुढच्या चाकास मिळते. ही जोडणी करणारे व सोडणारे यंत्र म्हणजे लॉकिंग हब.

डांबरी सडकेवर पुढच्या चाकांना शक्ती देण्याची गरज नसते. जोडणी कायम राहिली तर आतील दांडे, गिअर व पुढचा शाफ्ट विनाकारण फिरत राहतात. इंधन अधिक लागते व झीज वाढते. दुसऱ्या महायुद्धातील जीप गाड्या पुढे नागरी वापरात आल्या तेव्हा ही अडचण जाणवू लागली. अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी १९४८ साली अशा जीप गाड्यांसाठी सोडता-जोडता येणारे हब बनविण्याचा उद्योग सुरू केला. या हबची खटकी चालकास खाली उतरून हाताने फिरवावी लागते. चिखलात उतरण्याचा हा त्रास वाचावा म्हणून पुढे स्वयंचलित हब प्रचारात आले.

प्रत्येक पिकअप गाडीस असे हब असतातच असे नाही. काही गाड्यांत पुढचा दांडा कायम जोडलेला असतो, तर काहींत जोडणी आसाच्या आत होते. आपल्या गाडीत कोणती व्यवस्था आहे हे गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेवरून प्रथम पाहून घ्यावे.

स्वयंचलित हबचे कार्य

चालकाने फोर व्हीलचा दांडा अगर बटण लावले की शक्ती पुढच्या आसाकडे जाते व आतील दांडा फिरू लागतो. चाक अजून मोकळे असल्याने दांडा व तुंबा यांच्या गतीत फरक पडतो. या फरकामुळे हबमधील उतरत्या कडेची चकती सरकते, स्प्रिंग दाबली जाते आणि दाते एकमेकांत अडकतात. म्हणजेच हब जोडला जाण्यासाठी गाडी थोडी तरी पुढे सरकली पाहिजे. तो सुटण्यासाठी प्रथम गाडी टू व्हीलमध्ये आणून सरळ रेषेत दोन-तीन मीटर उलट न्यावी लागते, म्हणजे दात्यांवरील ताण जाऊन स्प्रिंग त्यांना अलग करते. हे अंतर गाडीपरत्वे थोडे भिन्न असते. पुस्तिकेतील सूचना प्रमाण मानावी.

नेहमी आढळणारे दोष

१. हब न जोडणे. याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे चुकीचे किंवा अति वंगण. चाकाच्या बेअरिंगप्रमाणे हबमध्येही दाट ग्रीस ठासून भरण्याची चूक अनेक ठिकाणी होते. त्यामुळे चकती जड होते व दाते पूर्ण अडकत नाहीत. चाकाचे बेअरिंग ढिले असणे, हेही याचे दुसरे कारण आहे. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. दोन हबपैकी एकच हब जोडला गेला नाही, तरी सामान्य डिफरन्शियलमुळे शक्ती त्या मोकळ्या बाजूने वाया जाते व पुढच्या दोन्ही चाकांचा जोर नाहीसा होतो. म्हणून एका हबची परीक्षा करून थांबू नये.

२. हब न सुटणे. कोरड्या डांबरी सडकेवर फोर व्हील लावून वळणे घेतली तर पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापतात व साऱ्या दांड्यांत पीळ बसतो. या ताणात दाते सुटत नाहीत, सुकाणू जड होते व टायर झिजतात. गाडी सरळ उलट नेल्याने बहुधा पीळ निघतो. चारही टायर एकाच मापाचे व सारख्याच झिजेचे नसले तरीही हा दोष उद्भवतो.

३. कटकट असा आवाज व दाते तुटणे. रुतलेली गाडी पुढे-मागे हिसके देऊन काढण्याची सवय सर्वत्र आहे. स्वयंचलित हबला ती घातक ठरते. दिशा पालटताच हब सुटतो व पुन्हा धक्क्याने अडकतो. प्रत्येक हिसक्यास दात्यांवर हातोडा बसल्यासारखा आघात होतो.

४. उतारावर पकड जाणे. घाट उतरताना इंजिनाचा अवरोध चाकांवर येतो व बलाची दिशा पालटते. काही बनावटींचे हब अशा वेळी क्षणभर सुटतात. झिजलेला हब पुन्हा न अडकण्याचाही संभव असतो. म्हणून भरलेली गाडी निसरड्या उतारावरून नेताना केवळ फोर व्हीलच्या भरवशावर राहू नये. वेग आरंभापासूनच मंद ठेवावा व खालचा गिअर घालावा.

पुराचे पाणी

२००५, २०१९ व २०२१ या वर्षी कृष्णाकाठच्या अनेक गावांत पुराचे पाणी शिरले. पाण्यात उभी राहिलेली गाडी इंजिन चालू झाले म्हणजे सुधारली, असे समजू नये. झिजलेल्या रबरी कड्यातून व झाकणाच्या फटीतून पाणी व बारीक गाळ हबमध्ये जातो. झाकण काढल्यावर वंगण ताकासारखे पांढुरके दिसले तर आत पाणी गेले आहे असे निश्चित समजावे. असा हब व चाकाचे बेअरिंग दोन्ही उघडून, धुऊन, कोरडे करून पाहावे. गंज चढला असल्यास नुसते नवे वंगण भरून काम भागत नाही. वारंवार ओढा ओलांडणाऱ्या गाडीचे हब पावसाळा संपताच एकदा उघडून पाहणे हितावह होय.

घरच्या घरी परीक्षा

मोकळ्या, सपाट व भुसभुशीत जमिनीवर गाडी फोर व्हीलमध्ये हळू चालवावी. दुसऱ्या माणसाने बाजूस सुरक्षित अंतरावर उभे राहून पाहावे. चालत्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. मागची चाके जागच्या जागी फिरत असता पुढचा शाफ्टही फिरतो, परंतु पुढची दोन्ही चाके स्वस्थ राहतात, असे दिसल्यास हबचा संशय घ्यावा. पुढचा शाफ्टच फिरत नसेल तर दोष हबमध्ये नसून मागे ट्रान्सफर केसमध्ये किंवा त्याच्या जोडणीत आहे. एवढी एक गोष्ट पाहिली तरी हबवरील नाहक खर्च टळतो.

हब सुटला की नाही हे पाहण्यासाठी गाडी टू व्हीलमध्ये आणून उलट न्यावी. मग मागच्या चाकांना दगड लावून पुढचे एक चाक जॅकने उचलावे. चाक हलके फिरले तर हब सुटला आहे. ते जड फिरून आतून गिअर फिरल्याचा आवाज आला तर हब अडकलेला आहे. दुसऱ्या चाकाचीही अशीच परीक्षा करावी.

वापराचे नियम

चिखलात शिरण्यापूर्वीच थांबून फोर व्हील लावावे. चाके जोराने फिरत असताना लावू नये. त्यानंतर गाडी सावकाश पुढे न्यावी व हब अडकल्यावरच जोर द्यावा. गाडी रुतलीच तर हिसके न देता चाकापुढील चिखल काढावा आणि उसाचे पाचट, फांद्या अगर दगड घालून एकाच दिशेने सावकाश बाहेर काढावी. फोर व्हील महिनोन्‌महिने न वापरल्यास वंगण थिजते. म्हणून महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर थोडे अंतर ते लावून चालवावे. हब उघडल्यास पुस्तिकेत सांगितलेल्या वंगणाचा पातळ थर द्यावा, रबरी कडे नवे घालावे व बोल्ट नेमलेल्या मापानेच आवळावेत.

रोजच खडतर रस्त्याने जाणारे काही वाहनधारक स्वयंचलित हब काढून हाताने फिरवावयाचे हब बसवितात. त्यांची रचना साधी असून जोडणी डोळ्यांनी पाहता येते; मात्र पावसात खाली उतरण्याची तयारी हवी आणि दोन्ही चाकांच्या खटक्या एकाच स्थितीत ठेवण्याची आठवण हवी. असा बदल आपल्या गाडीच्या आसास जुळणाऱ्या मापाचाच करावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी गावातील वाहनधारक व चालक यांना एकत्र करून वरील परीक्षा प्रत्यक्ष करून दाखवावी. त्यास अर्ध्या दिवसाहून अधिक काळ लागत नाही. बैलगाडीच्या काळी दूरच्या बाजारास निघण्यापूर्वी तुंब्यात वंगण घालण्यास शेतकरी विसरत नसे. पिकअप गाडीच्या तुंब्याकडेही त्याच नेमाने पाहिले गेले, तर ऐन काढणीत भरलेली गाडी बांधावर अडकून माल नासण्याचा प्रसंग सहसा येणार नाही.