जंगल जळाले, नकाशे उरले

नकाशा म्हटला की आपल्यातले निम्मे जण डोके खाजवतात. परीक्षेत नकाशा भरायचा, नद्या निळ्या करायच्या, पाच गुण मिळवायचे, एवढीच आपली नकाशाशी ओळख. पण जुन्या नकाशांत एका मोठ्या जंगलाची सगळी हकिगत सापडते, हे गुरुजींनी भूगोलाच्या तासाला सांगितले तेव्हा मला फार नवल वाटले. ती हकिगत मी इथे माझ्या शब्दांत देत आहे. अंक बघायला आलेल्या पालकांनीही ती जरूर वाचावी, कारण शेवटी ती आपल्याच डोंगरापाशी येते.

हे जंगल आहे अमेरिकेत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पॅसिफिक महासागराला लागून ओरेगॉन नावाचे राज्य आहे. त्यात टिलामुक नावाची कौंटी आहे. कौंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग समजा. एका बाजूला समुद्र, लगेच मागे डोंगर, मधून आखूड नद्या. म्हणजे आपल्या कोकणासारखेच की! पाऊसही तसाच धो धो, काही ठिकाणी वर्षाला १०० इंचांहून जास्त. फरक एवढाच की तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. झाडे मात्र आपल्यासारखी आंबा, ऐन, किंजळ नाहीत. डग्लस फर, हेमलॉक, स्प्रूस अशी सुईसारख्या पानांची झाडे आणि सीडर आहेत. डग्लस फरचे मोठे झाड २०० फुटांच्याही वर जाते. आपल्या शाळेसमोरचा माड घ्या, त्याच्यावर दुसरा, तिसरा, चौथा माड उभा करा, तेवढे उंच! या लाकडावरच त्या भागाचे पोट चालत असे.

आता नकाशाकडे वळू. त्या भागाची जमीन मोजायला सुरुवात झाली १८५१ साली. पोर्टलंड शहराजवळ एक खूण रोवली आणि तिथून सगळ्या राज्यावर चौकोन आखत गेले. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा एक मोठा चौकोन. त्याचे ३६ लहान चौकोन. प्रत्येक लहान चौकोन एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा. या लहान चौकोनाला तिकडे सेक्शन म्हणतात.

सेक्शनला नंबर देण्याची रीत मोठी गमतीची आहे. ईशान्येच्या कोपऱ्यात १ नंबर. तिथून पश्चिमेकडे जात जात ६. मग ७ नंबर ६ च्या खाली, आणि परत पूर्वेकडे जात १२. मग पुन्हा उलटे. शेवटचा ३६ नंबर आग्नेय कोपऱ्यात येतो. नांगराचा बैल तास संपला की वळतो आणि दुसऱ्या तासाने उलटा येतो ना, अगदी तसे. लेखाच्या बाजूला मी ३६ घरांचा चौकोन काढला आहे. बोट फिरवून बघा.

ही जमीन त्यांनी साखळीने मोजली. साखळी ६६ फुटांची. ८० साखळ्या म्हणजे एक मैल. आता आपला गुंठा बघा. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. म्हणजे आपल्या गुंठ्याची बाजू त्या साखळीच्या बरोबर अर्धी! साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तुकड्यात आपले ४ गुंठे बसतात, आणि असे १० तुकडे झाले की एक एकर, म्हणजे ४० गुंठे. ज्यांच्या घरी सातबारा आहे त्यांना हे लगेच कळेल.

पण एक गोष्ट विसरता कामा नये. ही जमीन रिकामी नव्हती. तिथे टिलामुक लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. कौंटीचे नाव त्यांच्यावरूनच पडले आहे. नेहालेम, नेस्टका ही नद्यांची नावेही तिथल्या मूळच्या लोकांचीच. ज्या १८५१ साली मोजणीची खूण रोवली, त्याच वर्षी सरकारच्या माणसाने या लोकांशी जमिनीचे करार केले. ते करार वॉशिंग्टनच्या सिनेटने कधी मंजूरच केले नाहीत. जमीन मात्र गेली. नकाशावर नावे राहिली आणि माणसे बाजूला सारली गेली. म्हणून गुरुजी म्हणतात, "नकाशात काय आहे ते बघा, आणि काय नाही तेही विचारा."

विसाव्या शतकाच्या मध्याला, म्हणजे साधारण १९३० ते १९६० च्या काळात, त्या भागाचे दोन प्रकारचे नकाशे लोक वापरत असत.

पहिला प्रकार मालकीचा नकाशा. मेट्स्कर नावाची एक नकाशा कंपनी तिकडच्या कौंट्यांची मोठी पुस्तके छापत असे. त्यात प्रत्येक सेक्शनमध्ये जमीनमालकाचे नाव लिहिलेले असे. कुठे शेतकऱ्याचे, कुठे लाकूड कंपनीचे, कुठे सरकारचे. आपला गावनकाशा आणि सातबारा एकाच कागदावर छापला तर कसा दिसेल, तसा तो नकाशा. लाकूड विकत घेणारा, सर्वेअर, शिकारी, सगळेच तो जवळ ठेवत. कारण जंगलात कुंपण नसते, आणि आपण कुणाच्या हद्दीत उभे आहोत हे झाडाला विचारून कळत नाही!

दुसरा प्रकार उंचसखलपणाचा नकाशा. तो तिकडचे सरकारी भूवैज्ञानिक खाते काढत असे. त्याचे प्रमाण १ : ६२,५००. एका मैलात ६३,३६० इंच असतात. म्हणजे नकाशावरचा एक इंच हा जमिनीवर जवळजवळ एक मैल. आपल्याकडच्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशेही एका इंचाला एक मैल असेच होते. त्या अमेरिकी नकाशात तपकिरी समोच्च रेषा, निळे पाणी, हिरवे जंगल आणि काळ्या रंगात घरे, आगगाडीचे रूळ, पायवाटा असत.

एवढ्या डोंगराळ जंगलात माणूस चालून चालून किती मोजणार? म्हणून विमानातून फोटो काढू लागले. एकाच जागेचे दोन फोटो थोड्या अंतरावरून काढायचे आणि दोन भिंगांच्या यंत्रातून एका डोळ्याने एक, दुसऱ्या डोळ्याने दुसरा बघायचा. मग डोंगर कागदातून वर आल्यासारखा दिसतो. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा. जमत नाही ना? खोली कळायला दोन डोळे लागतात. विमानाच्या दोन फोटोंचे काम तेच.

आता मुख्य हकिगत. १४ ऑगस्ट १९३३. कडक उन्हाळा, झाडे वाळून कोळ झालेली. गेल्स क्रीक नावाच्या दरीत झाडतोड चालू होती. लाकूड लाकडावर घासून ठिणगी पडली, असे सांगतात. बघता बघता वणवा पेटला. पुढे वारा फिरला आणि आग डोंगरामागून डोंगर गिळत गेली. सप्टेंबरमध्ये पाऊस आला तेव्हा कुठे ती शमली. सुमारे २ लाख ४० हजार एकर जंगल जळाले.

एवढ्यावर थांबले नाही. १९३९ साली पुन्हा आग. १९४५ साली पुन्हा. १९५१ साली पुन्हा. दर सहा वर्षांनी! लोक म्हणू लागले, या डोंगराला शापच आहे. पण शाप कसला? जळून उभी राहिलेली कोरडी खोडे आणि खाली वाढलेले झुडूप हीच पुढच्या आगीची लाकडे होती. चारही आगी मिळून सुमारे ३ लाख ५५ हजार एकर जागा जळाली.

हा आकडा केवढा, हे मला समजेना. मग मी त्याला ६४० ने भागले. जवळजवळ ५५५ सेक्शन आले. इंचाला मैल या नकाशात एक सेक्शन म्हणजे एक चौरस इंच. म्हणजे २८ इंच लांब आणि २० इंच रुंद कागद जवळजवळ पूर्ण काळा करावा लागेल. तेवढा खाकी कागद मी या लेखाखाली लावला आहे. आता त्याच्या कोपऱ्यात एक इंचाचा चौकोन बघा. त्या एकाच चौकोनात आपली सगळी वाडी, शेते आणि सडा मावून जागा उरेल.

आगीनंतर मालकीच्या नकाशाचे काय झाले? जळक्या जमिनीचा कर कोण भरणार? बऱ्याच मालकांनी जमिनी सोडून दिल्या. त्या आधी कौंटीकडे गेल्या आणि पुढे राज्य सरकारकडे. चौकोन तेच राहिले, आतली नावे बदलली.

मग लोकांनी ठरवले की जंगल परत लावायचे. १९४८ साली राज्यात मतदान होऊन त्यासाठी कर्ज काढायला मंजुरी मिळाली. १९४९ पासून काम सुरू झाले. आधी नकाशावर पट्टे ठरवले, तिथली कोरडी खोडे पाडली आणि रुंद जाळरेषा काढल्या, म्हणजे आग लागली तरी पुढे पळणार नाही. हेलिकॉप्टरने बी पेरले. आणि सुमारे ७ कोटी २० लाख रोपे माणसांनी हाताने लावली. त्यात शाळेतली मुलेही होती! बसमधून यायची, डोंगरावर रांगेने रोपे लावायची आणि परत जायची. हे काम १९७३ पर्यंत चालले. त्याच वर्षी त्या भागाला टिलामुक राज्य वन असे नाव दिले. आज तिथे पुन्हा उंच झाडे आहेत. त्यांतली किती तोडावी आणि किती राखावी यावर तिथले लोक वाद घालतात. झाडे आहेत म्हणून तर वाद आहे!

समुद्राकडचीही एक गोष्ट सांगतो. टिलामुकच्या खाडीपुढे वाळूचा लांब दांडा आहे. त्यावर बेओशन नावाचे गाव वसवले होते. खाडीच्या तोंडाशी उत्तरेला दगडी बांध घातला, तो १९१७ साली पुरा झाला. दक्षिणेला मात्र तेव्हा घातलाच नाही. त्याने वाळू वाहण्याची रीत बदलली आणि गावाखालची वाळू निघून जाऊ लागली. १९५२ साली वादळात समुद्राने दांडा फोडला. घरे गेली, रस्ते गेले, गाव नकाशापुरते उरले. म्हणून जुना नकाशा हातात आला की आधी खाली छापलेले वर्ष वाचावे. नकाशा त्या वर्षापुरता खरा असतो.

आता आपल्याकडे या. फाल्गुन-चैत्रात आपल्या डोंगरावर वणवा लागतो, हे सगळ्यांना माहीत आहे. कुणी विडीचे थोटूक टाकतो, कुणी राब भाजतो आणि विझवायचे विसरतो. काजूची, आंब्याची कलमे जळतात. गेल्या उन्हाळ्यात आमची अकरा काजूची झाडे गेली. आजी दोन दिवस जेवली नाही. ती झाडे आजोबांनी खांद्यावरून पाणी वाहून वाढवली होती. कुठून आग आली, कुठे थांबली, याची कुठे नोंद नाही. पुढच्या वर्षी सगळे विसरतात.

म्हणून आम्ही सातवीच्या मुलांनी ठरवले आहे की आपल्या डोंगराचा नकाशा काढायचा. गावनकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून मिळतो. त्यावरून गटांच्या हद्दी उतरवून घ्यायच्या. दरवर्षी जिथे आग लागेल तो भाग तांबड्या पेन्सिलीने रंगवायचा आणि बाजूला वर्ष लिहायचे. पाण्याची जागा निळी, पायवाटा काळ्या. दोन-तीन वर्षांत कळेल की आग नेहमी कुठून चढते. तिथेच आधी गवत कापून जाळरेषा काढता येईल.

पालकहो, यात आम्हांला तुमची मदत पाहिजे. जुन्या आगी कुठे लागल्या होत्या ते तुम्हांला आठवत असेल. आजी-आजोबांना तर नक्कीच. या भित्तिपत्रकाखाली वही टांगली आहे. तीत वर्ष आणि जागा तेवढी लिहून जा. लिहायला येत नसेल तर आम्हांला सांगा, आम्ही लिहून घेऊ.

(इयत्ता सातवी)