मानशीचं दार कोणी राखायचं?

फर्दापूरच्या शिवारात कापूस आणि मका. भात शोधावाच लागेल. पण जवळच्या अजिंठ्यात, चित्रांखालच्या मातीच्या गिलाव्यात भाताचा तूस सापडतो. त्या तुसाने मला भाताच्या नादी लावलं आणि थेट गोव्याच्या खाजणांत नेऊन सोडलं.

खाजण म्हणजे खाडीच्या भरतीपासून बांध घालून सोडवलेली जमीन. चिखल-जांभ्याचा बांध, बाहेर लाटा अंगावर घेणारी खारफुटी आणि बांधात मानस, म्हणजे झडपेची मोरी. मानशीचं लाकडी दार भरतीच्या दाबाने मिटतं, ओहोटीला उघडतं. मृगापासूनचा पाऊस मातीतलं मीठ धुऊन काढतो, मग कोरगूट, आसगो हे खारं सोसणारे भात. कापणीनंतर त्याच खाजणात कोळंबी, काळुंदर, खेकडे. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव व्हायचा.

हे सारं गावकारीचं, म्हणजे सामायिक. तिचा जुना लेखी पुरावा १५२६ चा. अफोंसो मेशिया या पोर्तुगीज वित्ताधिकाऱ्याने तिसवाडीतल्या गावांचे रिवाज नोंदवले, तो 'फोराल'. हेतू शेतसाऱ्याचा, कोणाकडून किती घ्यायचं ते कळायला हवं होतं. पण या रुक्ष कागदात आरंभीच एक कथा येते: पूर्वी चार माणसं एका ओसाड बेटावर आली, त्यांनी जमीन लागवडीला आणली, वस्ती वाढली, कारभार नीट केला म्हणून ते गावकार. पुढे मानपानही आहेच. विडा आधी कोणाला, याचाही निवाडा. करवसुली करणाऱ्याने नकळत हे जपून ठेवलं, याची मला गंमत वाटते.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना जपून. हक्क घराण्याच्या पुरुषांकडे होते. चिखलात उतरणारी कुळं आणि बायका हिशेबाच्या वहीत नव्हत्या. १९६४ च्या कूळ कायद्याने आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमीन मिळाली, ते न्याय्यच झालं. बांध मात्र कोणा एकाच्या नावावर बसत नाही. त्याची जबाबदारी कुळांच्या संघटनांवर आली आणि तिथेच भांडण पेटलं. भातापेक्षा मासळीला पैसा जास्त, म्हणून मानस उघडी ठेवली जाते. खारं पाणी शेतात शिरतं. खेकड्याने पोखरलेलं भोक वेळीच बुजवलं नाही, तर बांध फुटतो आणि मीठ धुवायला पुढचे काही पावसाळे जातात.

पडीक खाजणात खारफुटी रुजते. बांधाबाहेरची खारफुटी शेत राखते, आतली शेत गिळते. कायद्याला दोन्ही सारख्याच. निसर्गप्रेमी मंडळी आतलीलाही जंगल म्हणून मोजतात. गावकाराच्या लेखी ते बुडालेलं भातशेत, आणि मी त्याच्या बाजूचा आहे. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजणांसाठी वेगळी तरतूद आहे: त्यांचे नकाशे करावेत, तिथे बांधकामं नकोत. त्याच तरतुदीत खाजणालगतच्या खारफुटीलाही संरक्षण आहे.